घराच्या दुरुस्तीचा ॲडव्हान्स: किती द्यायचा, कधी द्यायचा, कसा द्यायचा

पहिल्यांदाच फ्लॅटचं काम काढलं की भाव ठरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ठेकेदार म्हणतो, ‘पन्नास टक्के टाका, सोमवारी माणसं लावतो,’ आणि नवखा माणूस तिथे अडखळतो. नाही म्हणावं तर चांगला कारागीर हातचा जाईल, हो म्हणावं तर पैसे अडकतील. पन्नास टक्के हा आकडा काही कामांना रास्त असतो, काहींना अजिबात नसतो. म्हणून आकड्यावर घासाघीस करण्याआधी एकच गोष्ट विचारा: हे पैसे सोमवारपासून नेमके कुठे खर्च होणार आहेत? उत्तर सरळ आलं तर रक्कमही त्यातूनच ठरते.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या शहरी सोसायटीतला फ्लॅट समोर ठेवून दिली आहे. बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर सोसायटीचा भाग वगळा, बाकी सगळं तसंच लागू होतं.

ॲडव्हान्स कशाकशाचा मागतात

एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात. पहिली म्हणजे तारीख राखून ठेवण्याचा बयाणा. कारागीर तुमच्यासाठी दुसरं काम नाकारतो, त्याबद्दल ही रक्कम. ती लहानच असायला हवी.

दुसरी म्हणजे मालाचे पैसे: सिमेंट, वाळू, पाइप, प्लायवूड, ॲल्युमिनियम सेक्शन, ग्रॅनाइट. इथे आणखी एक फरक आहे. सिमेंटची गोणी तुमच्याकडून परत गेली तरी दुसऱ्या साइटवर वापरता येते. तुमच्या खिडकीच्या मापाने कापलेलं सेक्शन किंवा तुमच्या ओट्याच्या मापाने कापलेला ग्रॅनाइट मात्र दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही. तुम्ही ऐनवेळी माघार घेतली तर तो माल कारागिराच्या गळ्यात पडतो. त्यामुळे मापाने कापून बनणाऱ्या वस्तूला तो जास्त ॲडव्हान्स मागतो, ते योग्यच आहे.

तिसरी गोष्ट खर्ची. मुकादमाकडची माणसं आठवड्याला, बहुतेक ठिकाणी शनिवारी किंवा बाजाराच्या दिवशी, जेवणखाण्यापुरते पैसे उचलतात. छोट्या ठेकेदाराकडे स्वतःचं भांडवल नसतं. चार माणसांची खर्ची त्याला तुमच्याकडूनच काढावी लागते. ही गरज खरी आहे. पण ती आठवड्याची असते, म्हणून तिचे पैसेही आठवड्याला द्यावेत, सगळे पहिल्याच दिवशी देऊ नयेत.

यापलीकडे एक चौथं कारणही असतं, जे कोणी बोलून दाखवत नाही. आधीच्या साइटवर तोटा झालेला असतो, दुकानदाराची उधारी थकलेली असते, आणि तुमच्या ॲडव्हान्सने ती भागवायची असते. याची टोपी त्याच्या डोक्यावर. मग तुमचं काम पुढच्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स येईपर्यंत थांबतं. अशा माणसाचा हेतू फसवायचा असेलच असं नाही. बुडालेल्या बहुतेक ॲडव्हान्सच्या मागे हीच ओढाताण असते.

कोणत्या कामाला किती

फक्त मजुरीचं काम असेल आणि माल तुम्ही स्वतः आणून देणार असाल, तर ठरलेल्या मजुरीच्या १० टक्क्यांपर्यंत ॲडव्हान्स पुरे. तोडफोड, फरशी, टाइल्स, प्लंबिंग, वायरिंग आणि रंग यांची मजुरी या गटात मोडते. एक-दोन दिवसांच्या कामाला तर काहीच देऊ नका, काम झाल्यावर हातात पैसे ठेवा. हजेरीवर बोलावलेल्या गवंड्याला आणि बिगाऱ्याला ॲडव्हान्स नसतोच. हजेरी वहीत मांडायची आणि रोज किंवा आठवड्याला चुकती करायची.

मालासकट काम दिलं असेल तर २० ते ३० टक्क्यांत सुरुवात व्हायला हवी. त्यापेक्षा जास्त लागतंय असं ठेकेदार म्हणाला तर मालाची यादी मागा आणि तो माल दुकानात जाऊन स्वतः खरेदी करायची तयारी दाखवा. पैसे खरोखर मालासाठीच हवे असतील तर त्याला ते चालतं.

स्लायडिंग खिडक्या, ग्रिल, शॉवरचं काचेचं पार्टिशन आणि ग्रॅनाइटचा ओटा यांना ४० ते ५० टक्के मागतात. माप घेऊन, डिझाइनवर दोघांच्या सह्या झाल्यावर ते द्यायला हरकत नाही. मॉड्युलर किचनमध्ये साधारण निम्मी रक्कम ऑर्डरच्या वेळी आणि उरलेली बरीचशी माल कारखान्यातून निघण्याआधी मागतात. तिथे बसवणीसाठी निदान १० टक्के मागे ठेवायला भांडा. शटर वाकडं बसणं, ड्रॉवरचा चॅनेल अडकणं, सिंकखालचं प्लाय पाइपसाठी चुकीच्या जागी कापलं जाणं या सगळ्या तक्रारी बसवतानाच निघतात, आणि तोवर पूर्ण पैसे गेलेले असले तर फिटरला पुन्हा यायची घाई राहत नाही.

आता क्रमाने पाहू.

१. आधी सोसायटीचं पत्र, मग ॲडव्हान्स

कामाची यादी जोडून सोसायटीकडे अर्ज द्या आणि लेखी परवानगी हातात घ्या. बाथरूमची जागा हलवणं किंवा भिंत पाडणं असेल तर हे फारच महत्त्वाचं. कॉलम आणि बीमला हात लावायचाच नाही. भिंती हलवायच्या असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि पालिकेची परवानगी लागेल का ते पाहा. परवानगी अडकली तर काम सुरू होत नाही आणि ठेकेदाराला दिलेला बयाणा तसाच पडून राहतो.

बऱ्याच सोसायट्या कामाआधी परत मिळणारी अनामत आणि राबिट (तोडफोडीचा मलबा) उचलण्याचा वेगळा आकार घेतात. दोन्हींच्या वेगळ्या पावत्या घ्या. लिफ्टची फरशी, जिन्याच्या भिंती आणि तुमच्या मजल्यावरचा पॅसेज यांचे फोटो काम सुरू व्हायच्या आधी काढून ठेवा. अनामतीतून कापाकापी होते ती इथल्याच नुकसानीची, आणि जुनी चीर नवीन ठरू नये म्हणून हे फोटो लागतात. काम संपलं की अनामत परत मागण्याचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

२. माणूस तपासा

तयार कामाचे मोबाइलमधले फोटो पाहून काहीच कळत नाही, ते कोणाचेही असू शकतात. चालू असलेली एक साइट आणि दोन पावसाळे काढलेलं एक जुनं काम दाखवायला सांगा. जुन्या घरमालकाला विचारायच्या गोष्टी तीनच: ठरलेल्या रकमेपेक्षा शेवटी किती वाढले, मधे काम किती दिवस बंद होतं, आणि नंतर गळती निघाली तेव्हा हा आला का. चालू साइटवर गेलात तर मजुरांना सहज विचारा की खर्ची वेळेवर मिळते का. त्या उत्तरावरून ठेकेदाराची आर्थिक स्थिती कोणत्याही कागदापेक्षा लवकर समजते.

ओळखपत्राची प्रत, पॅन, कायमचा पत्ता आणि बँक खात्याचं नाव घ्या. भाड्याच्या खोलीचा पत्ता पुरेसा नाही. तो कोटेशनवर जीएसटी लावत असेल तर नंबर १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, गोव्यातल्याचा ३० ने. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा नंबर टाकला की नोंदणीतलं नाव आणि ती चालू आहे की रद्द, हे लगेच दिसतं. नोंदणी नसलेल्या माणसाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. दुरुस्तीच्या ठेक्यावर जीएसटी १८ टक्के लागतो, म्हणून ‘टॅक्स वेगळा’ असं बारीक अक्षरात लिहिलंय का ते आधीच पाहा. दोन लाखांचं कोटेशन त्याने दोन लाख छत्तीस हजारांचं होतं.

३. माप एकत्र घ्या

एकगठ्ठा आकड्यावर ॲडव्हान्स देऊ नका. ‘बाथरूम फुल रिनोव्हेशन’ या तीन शब्दांत काय काय येतं ते दोघांच्या डोक्यात वेगवेगळं असतं. टेप धरून दोघांनी मिळून माप घ्या आणि कागदावर उतरवा.

एक साधं बाथरूम घेऊ: ७ फूट बाय ५ फूट, भिंतींवर टाइल्स ७ फुटांपर्यंत. चारही भिंतींची लांबी मिळून २४ फूट, म्हणजे २४ × ७ = १६८ चौरस फूट. अडीच बाय सात फुटांचा दरवाजा वजा केला, १७.५. राहिले १५०.५. जमिनीचे ३५ मिळवले की एकूण १८५.५ चौरस फूट. मजुरी याच मापावर. माल मात्र तुटफूट आणि कापणी धरून १० टक्के जास्त लागतो, म्हणजे साधारण २०४ चौरस फूट. ठेकेदाराने २६० फुटांचा माल सांगितला तर तो फरक कुठून आला ते विचारा. भिंतीसाठी ३०० बाय ४५० मिलिमीटरची टाइल घेतली, तर सहा टाइल्सच्या पेटीत ८.७ चौरस फूट भरतात, १५०.५ अधिक दहा टक्के यासाठी १९ पेट्या जेमतेम पुरतील, २० घ्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच असू द्या, नाहीतर रंगात फरक दिसतो. न फोडलेल्या पेट्या परत घेणार का, हे दुकानात बिल करतानाच ठरवा.

दरवाजा-खिडक्यांची वजावट करायची की नाही, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, की चौरस फुटावर, राबिट खाली रस्त्यापर्यंत न्यायचं की टेम्पोत भरून बाहेर टाकायचं, हे तीन मुद्दे लिहून घ्या. शेवटच्या बिलावरची भांडणं बहुतेक यांच्यावरूनच होतात. रंगाऱ्यांकडे कार्पेट एरियाला साडेतीनने गुणून भिंतींचं माप काढायची पद्धत आहे. मोठ्या खिडक्या आणि भिंतीला लागून कपाटं असलेल्या घरात ते माप फुगतं, म्हणून रंगाचंही माप टेपनेच घ्या.

४. पैसे टप्प्यांना बांधा

तारखेवर हप्ते ठरवले की काम मागे पडतं आणि हप्ता पुढे जातो. ‘१५ तारखेला दुसरा हप्ता’ असं कधीही लिहू नका. हप्ता डोळ्यांनी दिसणाऱ्या आणि तपासता येणाऱ्या कामाला जोडा. वरच्याच बाथरूमची मजुरी ७०,००० रुपये ठरली असं धरू. माल तुमचा. मग वाटणी अशी करता येईल:

सुरुवातीला १० टक्के, ७,००० रुपये.
तोडफोड होऊन राबिट उचलल्यावर १५ टक्के, १०,५०० रुपये.
पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन टाकून प्रेशर टेस्ट झाल्यावर २० टक्के, १४,००० रुपये.
वॉटरप्रूफिंग करून पाणी भरण्याची चाचणी झाल्यावर २० टक्के, १४,००० रुपये.
टाइल्स आणि ग्राउटिंग (टाइल्सचे सांधे भरणं) झाल्यावर २० टक्के, १४,००० रुपये.
नळ, कमोड, गिझर बसवून साफसफाई झाल्यावर १० टक्के, ७,००० रुपये.
काम ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांनी ५ टक्के, ३,५०० रुपये.

यातले मधले दोन टप्पे सगळ्यात मोलाचे, कारण टाइल्स लागल्या की त्यांच्याखालचं काहीही दिसत नाही. प्रेशर टेस्टमध्ये सगळी तोंडं बुच मारून बंद करतात, हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाब देतात आणि गेज पाहतात. काटा रात्रभर जागचा हलला नाही तरच हप्ता द्या. पाणी भरण्याच्या चाचणीत ट्रॅपचं (सांडपाणी जायच्या वाटेचं) तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवतात. पातळीवर भिंतीला पेन्सिलची खूण करा आणि निदान ४८ तास थांबा. थोडं पाणी बाष्पीभवनाने कमी होतं, पण खरी तपासणी खालच्या मजल्यावर करायची. शेजाऱ्यांच्या छताचा फोटो काम सुरू होण्याआधी एक आणि चाचणीनंतर एक असा काढा. ‘एक दिवस पुरे, टाइल्सवाला रिकामा बसलाय’ अशी घाई याच टप्प्यावर होते. टाइल्सवाल्याची एक हजेरी तुम्ही भरलीत तरी परवडेल. टाइल्स उचकटून पुन्हा वॉटरप्रूफिंग करणं परवडणार नाही.

सुताराच्या कामात सांगाडा उभा राहिला की एक टप्पा, सनमायका लागल्यावर दुसरा, बिजागऱ्या-चॅनेल-हँडल लागल्यावर तिसरा. सनमायका चढण्याआधी प्रत्येक बोर्डावरचा शिक्का पाहा. ओलाव्याच्या जागी आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय ठरला असेल आणि शिक्का साध्या प्लायच्या आयएस ३०३ चा असेल तर माल बदललेला आहे. शिक्काच दिसत नसेल तर बोर्ड कुठून आले ते विचारा. वायरिंगमध्ये झिऱ्या (वायरसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवण्याआधी सगळ्या भिंतींचे फोटो काढा आणि वायरची जाडी तपासा. दिव्यांना १.५, पॉवर पॉइंटला २.५ आणि एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटर असं सर्वसाधारणपणे लागतं. रंगात पुट्टी घासून प्रायमर झाला की पहिला हप्ता, आणि शेवटचा हप्ता रंगाचा दुसरा हात वाळल्यावर. भिंत रात्री दिवा कडेला धरून पाहिली की पुट्टीचे चढउतार लगेच कळतात.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला निराळा नियम लावा. ते एप्रिल-मेमध्ये होतं, पण खरी परीक्षा जूननंतर. १० टक्के रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत मागे ठेवायची आणि हे आधीच लिहून घ्यायचं. उन्हाळ्यात मागणी वाढल्यामुळे या कामाला ॲडव्हान्सही जास्त मागतात. फेब्रुवारीत बोलणी केलीत तर घाई नसते आणि अटी तुमच्या मनासारख्या होतात.

५. लिहून घ्या

छोट्या कामाला वही फाडून लिहिलेला, दोघांच्या सह्यांचा कागदही काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगला. रक्कम मोठी असेल तर स्टॅम्पपेपरवर करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बहुतेक करारांना १०० रुपयांच्या जागी किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. कागदात कामाची यादी, माप, दर, मालाची कंपनी आणि प्रत, हप्त्यांचे टप्पे, सुरू करण्याची आणि संपवण्याची तारीख, आणि वाढीव कामाचा नियम हवा. वाढीव काम आधी लेखी दर ठरल्याशिवाय करायचं नाही, हे एक वाक्य विसरू नका. व्हॉट्सॲपवरचा ‘हो, करा’ हाही पुरावा होतो, म्हणून तोंडी बोललात तरी त्याच संध्याकाळी मेसेजवर पक्कं करा.

काम रद्द झालं तर काय, हेही लिहा. तुम्ही रद्द केलं तर आणलेल्या मालाचे आणि झालेल्या कामाचे पैसे कापून उरलेले परत. ठरलेल्या तारखेपासून सात दिवसांत त्याने काम सुरूच केलं नाही तर पूर्ण ॲडव्हान्स परत. ही अट ऐकून चांगला कारागीर नाराज होत नाही, कारण त्याच्या बाजूचाही बंदोबस्त त्यात असतो.

ॲडव्हान्सच्या पावतीचा मजकूर असा ठेवता येईल:

‘मी (नाव, पत्ता) आज दि. ____ रोजी (घरमालकाचं नाव) यांच्याकडून (पत्ता) येथील बाथरूम दुरुस्तीच्या कामापोटी ७,००० रुपये (अक्षरी सात हजार फक्त) ॲडव्हान्स म्हणून रोख / यूपीआय / चेक क्र. ____ ने घेतले. कामाची एकूण ठरलेली मजुरी ७०,००० रुपये. काम दि. ____ रोजी सुरू करीन. सदर रक्कम अंतिम बिलातून वजा होईल. काम सुरू न केल्यास रक्कम सात दिवसांत परत करीन.’

खाली सही, मोबाइल नंबर आणि शक्य असल्यास एका साक्षीदाराची सही. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. ‘अंतिम बिलातून वजा होईल’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. ते नसेल तर शेवटी ॲडव्हान्स हा ‘तारीख राखायचा वेगळा’ होता, असा दावा होऊ शकतो.

६. पैसे देताना

करारातल्या माणसाच्याच खात्यात टाका. ‘भावाच्या नंबरवर पाठवा’, ‘माझं खातं बंद आहे’ असं ऐकलं तर थांबा. त्या खात्यावर दिलेले पैसे या माणसाला मिळाले हे नंतर सिद्ध करणं अवघड जातं. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात ‘बाथरूम टप्पा २’ असं लिहा. चेक द्यायचा तर क्रॉस करून, अकाउंट पेयी लिहून द्या.

रोख द्यावे लागले तर प्रत्येक वेळी वहीत सही घ्या, मग रक्कम कितीही लहान असो. खर्चीचे पाचशे-हजार असेच निसटतात आणि शेवटी हिशेब जुळत नाही. आयकर कायद्याप्रमाणे एकाच व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाहीत, हप्ते पाडून घेतले तरी. दंड घेणाऱ्याला होतो, पण मोठ्या कामात सगळे पैसे रोखच हवेत असा हट्ट धरणाऱ्या ठेकेदारापासून दूर राहणंच बरं.

मालाचे पैसे शक्यतो थेट दुकानदाराला द्या आणि बिल स्वतःच्या नावावर घ्या. ठेकेदाराला ओळखीच्या दुकानातून कमिशन मिळतं, त्यामुळे तो कधीकधी थोडा कुरकुरतो. त्याला विश्वासात घेऊन दुकानात सोबत न्या. माल तोच निवडू दे, पैसे तुम्ही भरा. टाइल, नळ किंवा गिझरची वॉरंटी मागायची वेळ आली की तुमच्या नावाचं बिलच उपयोगी पडतं.

७. काम चालू झाल्यावर

रोज संध्याकाळी मनातल्या मनात एक हिशेब करा: आज हा माणूस आला नाही, तर झालेलं काम आणि साइटवर पडलेला माझा माल मिळून दिलेल्या पैशांपेक्षा जास्त आहे ना? वरच्या उदाहरणात सुरुवातीलाच ३५,००० दिले आणि तोडफोड करून तो गेला, तर फक्त १७,५०० रुपयांचं काम पदरात पडतं. बाकीचे १७,५०० अडकले. शिवाय अर्धवट तोडलेलं काम हातात घेणारा दुसरा कारागीर जास्त पैसे मागतो, कारण आधीच्या माणसाच्या चुका त्याला निस्तराव्या लागतात. खरं नुकसान हे असतं.

पैसे पुढे जाण्याचा सगळ्यात मोठा धोका सणांच्या आधी असतो. सुतार आणि टाइल्सवाले बरेचदा राजस्थान, उत्तर प्रदेश किंवा बिहारचे असतात. होळी, दिवाळी, छठला ते गावी जातात आणि परतायला पंधरवडा-महिना सहज लागतो. कोकणातली माणसं गणपतीला जातात. निघण्याच्या आदल्या दिवशी ‘गावाला चाललोय, थोडे जास्त द्या’ अशी मागणी येते. झालेल्या कामाचे सगळे पैसे त्या दिवशी चोख द्या, त्यात हात आखडता घेऊ नका, माणूस घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. न झालेल्या कामाचे मात्र देऊ नका.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. टप्पा पूर्ण झाला, तपासला, की त्याच दिवशी पैसे द्या. ‘रविवारी बघू’ म्हणून चार दिवस लांबवलं की मुकादम माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो, आणि ती परत आणणं कठीण होतं. शेवटचे ५ टक्के मागे ठेवणं ठीक, २५ टक्के अडवून ठेवणं हा कारागिराच्या पोटावर पाय आहे. एवढी रक्कम तुमच्याकडे अडकलेली पाहून तोही शेवटच्या कामात सामान हलकं वापरून ती भरून काढतो.

मधेच जास्त पैशांची मागणी झाली तर थेट नकार देण्याआधी कारण ऐका. मालाचा खर्च असेल तर दुकानाचं बिल मागा आणि दुकानात भरा. मजुरांची खर्ची असेल तर पुढच्या टप्प्यातून वजा होईल असं लिहून थोडी रक्कम द्या. कारण सांगता येत नसेल, किंवा दर दोन दिवसांनी नवीन कारण येत असेल, तर माल आणि चावी ताब्यात ठेवा आणि पुढचा पैसा झालेल्या कामावरच द्या.

पैसे अडकलेच तर

फोनवर भांडून वेळ घालवू नका. पहिल्याच दिवशी साइटचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. मेसेजवर लिहा: काम अमुक तारखेपासून बंद आहे, आजवर इतके रुपये दिले, अमुक तारखेपर्यंत काम सुरू करा. त्यानंतर दुसऱ्या कारागिराकडून झालेल्या कामाची किंमत लेखी काढून घ्या. हा कागद महत्त्वाचा, कारण परत मागायची रक्कम म्हणजे दिलेले पैसे वजा झालेलं काम. नवीन माणसाला काम लावण्याआधी हे सगळं उरका, नाहीतर कोणाचं काम कोणतं ते सांगता येणार नाही.

मग १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस त्याच्या कायमच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोच पावतीसह पाठवा. ती तुम्ही स्वतःही लिहू शकता. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तिथे मराठीतही बोलता येतं. तिथेही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील बंधनकारक नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. करार, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, मेसेजचे स्क्रीनशॉट, दुसऱ्या कारागिराचं मूल्यांकन आणि नोटीशीची पोच, एवढे कागद क्रमाने लावून स्कॅन करा.

काम अर्धवट सोडलं एवढ्यावर पोलीस सहसा गुन्हा नोंदवत नाहीत, तो दिवाणी वाद मानला जातो. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दिसावं लागतं: खोटं नाव, खोटा पत्ता, एकाच वेळी पाच-सहा जणांकडून ॲडव्हान्स घेऊन कुठेच काम न केलेलं. तसं असेल तर बाकीच्यांना शोधा आणि मिळून तक्रार द्या. ऑनलाइन जाहिरात पाहून, प्रत्यक्ष न भेटता पैसे पाठवले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळवले जाण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. आणि कोणी ‘ॲडव्हान्स परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.